नावे अनेक, साक्षी एक : बंदिस्त टॅबलेटवरील ब्राउझर आणि भारतीय लिप्यांचे वाचन

एकाच मूळ प्रतीवरून उतरविलेल्या पाच पोथ्या या पाच साक्षी ठरत नाहीत, हा पाठचिकित्सेचा प्राथमिक नियम आहे. त्या पाचही पोथ्यांत एखादा पाठ सारखाच आढळला, तरी त्या एकमताचे मोल एका पोथीच्या साक्षीइतकेच. लेखनिक निराळे असले तरी त्यांच्यासमोरचा आदर्श एकच होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत आवृत्तीत विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्वाच्या (१९३३) हस्तलिखितांची शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशी लिपीनिहाय वर्गवारी केली, तिच्यामागे हीच दृष्टी होती. पोथ्या किती, यापेक्षा त्या परस्परांपासून कितपत स्वतंत्र आहेत, हे त्यांना पाहावयाचे होते.

हा नियम आज एका अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडतो. भारतीय भाषांतील ग्रंथांच्या संहिता, कोश, हस्तलिखितांच्या सूची आता पुष्कळशा पडद्यावर वाचल्या जातात, आणि असे पाठ सिद्ध करणारा संपादक ते निरनिराळ्या ब्राउझरांत उघडून तपासतो. समजा, त्याने आयपॅडवर सफारी, क्रोम, फायरफॉक्स, एज आणि ऑपेरा हे पाचही ब्राउझर घेतले. पाचांतही एखादे जोडाक्षर सारखेच उमटले. त्यावरून तो पाठ पाच साधनांनी पडताळला, असा निष्कर्ष त्याने काढल्यास तो चुकीचा ठरेल. भारतात विकल्या जाणाऱ्या आयपॅडवर या पाचांच्या आत काम करणारे यंत्र एकच आहे. त्याचे नाव वेबकिट. ते ॲपल कंपनीचे असून, बाहेरच्या ब्राउझरांनी तेच वापरले पाहिजे, अशी त्या कंपनीची अट आहे. वाचकाला दिसणारी खिडकी, खुणांच्या याद्या, शब्दसंचय साठविण्याची सोय, यांत हे ब्राउझर एकमेकांहून वेगळे आहेत; अक्षर कसे उमटावे, ओळ कोठे तुटावी, या बाबतीत मात्र ते एकाच आदर्शावरून उतरलेल्या प्रती आहेत.

ब्राउझरच्या पोटातील या यंत्रास ‘इंजिन’ म्हणतात. मोटारीवरून घेतलेला हा शब्द साहित्याच्या अभ्यासकाला फारसे काही सांगत नाही. त्याचे खरे काम लेखनिकाचे आहे. पृष्ठ दूरच्या संगणकावरून येते ते सांकेतिक क्रमांकांच्या मालिकेच्या रूपात. त्या मालिकेतून वाचता येईल असे पान उतरवून काढणे, हे इंजिनाचे कार्य होय. रोमन लिपीत हे काम पुष्कळसे सरळ असते. एक संकेत, एक आकृती, आणि त्या डावीकडून उजवीकडे मांडत जावयाच्या. देवनागरीत ‘कि’ लिहिताना संकेतांच्या क्रमात ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर असते, पण पानावर वेलांटी डावीकडे जाऊन उभी राहिली पाहिजे. ‘स्त्री’ हे अक्षर सहा संकेतांचे बनलेले आहे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. वाचकाच्या दृष्टीने ते एक अक्षर. परंतु युनिकोडच्या २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीपूर्वीच्या सर्वसाधारण नियमाने त्याचे ‘स्’, ‘त्’ आणि ‘री’ असे तीन तुकडे पडत. प्रकरणाच्या आरंभीचे पहिले अक्षर मोठे करण्याची जुनी मुद्रणपद्धती पडद्यावर आणावयाची झाल्यास यांपैकी किती भाग मोठा व्हावा, हे शेवटी इंजिन ठरविते. नव्या आवृत्तीने देवनागरी, बंगाली, गुजराती इत्यादी लिप्यांतील जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम घातला. तथापि नियम होणे आणि तो प्रत्येक इंजिनात उतरणे, या दोहोंमध्ये बराच काळ जातो.

मराठीपुरते पाहिले तरी आणखी बारकावे आहेत. ‘वऱ्हाड’ आणि ‘दुसऱ्या’ यांतील डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा ‘र’ दोन निरनिराळ्या संकेतमालिकांनी लिहिता येतो; दिसावयास दोन्ही सारखे, शोधावयास गेल्यास वेगळे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणे प्रमाण ठरविली. युनिकोडमध्ये मात्र हिंदी ‘ल’ व मराठी ‘ल’ यांचा क्रमांक एकच आहे. पृष्ठाची भाषा मराठी असल्याची खूण संपादकाने केली, फॉन्टमध्ये मराठी वळण असले आणि इंजिनाने त्या खुणेची दखल घेतली, तरच वाचकाला मराठी ‘ल’ दिसतो. या साखळीतील शेवटचा दुवा संपादकाच्या हाती नसतो. आजवर तो वाचकाच्या हाती असे. एक ब्राउझर नीट चालेना, तर दुसरा घ्यावा. बंदिस्त टॅबलेटवर नेमकी हीच सोय नाहीशी झाली आहे.

ही स्थिती कशी आली, हे थोडक्यात पाहावयास हवे. आयफोन २००७ मध्ये आला, त्यावर बाहेरच्या कंपन्यांची ॲप्स देणारे दुकान २००८ च्या जुलैत उघडले, आणि २०१० च्या एप्रिलमध्ये आयपॅड बाजारात येताना तीच व्यवस्था टॅबलेटवर गेली. त्याच वर्षी ॲपलने या दुकानाची नियमावली प्रसिद्ध केली. तीत, वेबपृष्ठे दाखविणाऱ्या प्रत्येक ॲपने वेबकिटच वापरावे, असे कलम आहे. गूगलचा क्रोम २०१२ मध्ये आला तो ही अट मान्य करून. स्वतःचे इंजिन चालविता येणार नसेल तर आयफोन-आयपॅडवर यावयाचेच नाही, असा पवित्रा मोझिला या संस्थेने काही काळ घेतला होता. पण अखेरीस २०१५ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सही वेबकिटवर बसून आला. आरंभी तर सफारीला मिळणारा वेगसुद्धा इतरांना मिळत नसे. तो भेद २०१४ नंतर बराच कमी झाला. वाचकाने दुव्यावर बोट ठेवल्यावर सफारीऐवजी दुसरा ब्राउझर उघडावा, एवढी मुभा मिळावयास २०२० साल उजाडले.

हा एकाच कंपनीचा हट्ट आहे, असे मात्र समजू नये. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये ‘विंडोज आरटी’ या नावाने टॅबलेटसाठी एक प्रणाली आणली. तीत वेगवान ब्राउझरला आवश्यक असलेले अधिकार केवळ कंपनीच्या स्वतःच्या इंटरनेट एक्सप्लोररला होते, आणि मोझिलाने त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याविरुद्ध जाहीर आक्षेप घेतला होता. ती प्रणाली बाजारात टिकली नाही, म्हणून तो वादही विसरला गेला.

या इतिहासातील एक अपवाद भारतीय वाचकाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. ऑपेरा मिनी या ब्राउझरला २०१० च्या एप्रिलमध्ये आयफोनसाठी परवानगी मिळाली, ती त्याच्या चमत्कारिक रचनेमुळे. त्याचे पान वाचकाच्या यंत्रावर रचले जातच नसे. दूर ऑपेरा कंपनीच्या संगणकावर ते रचून, आटोपशीर करून, तयार स्थितीत पाठविले जाई. म्हणजे यंत्रात दुसरे इंजिन शिरत नव्हते. परंतु आपल्याकडे ऑपेरा मिनीची ओळख होती ती आयफोनमुळे नव्हे. २०१० च्या आसपास हातोहाती असलेल्या साध्या मोबाईल फोनांत देवनागरी वा बंगाली अक्षरांची सोयच नसे. मराठी पान उघडले की चौकोनांची रांग दिसे. ऑपेरा मिनीच्या आडबाजूच्या एका पृष्ठावर, गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरावीत, असा पर्याय होता. तो एकदा निवडला की दूरच्या संगणकावर जोडाक्षरे रचली जात आणि त्यांची चित्रे फोनवर उमटत. ही युक्ती तोंडोतोंडी पसरली होती. फोन बनविणाऱ्याने जी लिपी दिली नव्हती, ती एका परक्या ब्राउझरने वाचकाच्या हाती दिली. ते काही कोणाचे भाषाप्रेम नव्हते, साधी बाजारपेठेची गरज होती; पण यंत्राचे दार उघडे असल्यामुळेच त्या गरजेला वाट मिळाली.

याची उलट बाजू नस्तालीकच्या उदाहरणात दिसते. उर्दू आणि काश्मिरी ज्या वळणाने लिहिल्या जातात, ते नस्तालीक वळण यंत्राला सर्वांत अवघड. शब्द उजवीकडून डावीकडे जाता जाता खाली उतरत येतो, नुक्ते एकमेकांवर आदळू नयेत म्हणून जागा पाहून ठेवावे लागतात, आणि प्रत्येक अक्षराचा आकार शेजाऱ्यावर अवलंबून असतो. एसआयएल इंटरनॅशनल या संस्थेने अल्पपरिचित भाषांच्या लिप्यांसाठी ‘ग्राफाइट’ नावाचे तंत्र तयार केले. त्यात अक्षरे जुळविण्याचे नियम फॉन्ट रचणाराच लिहून ठेवतो. याच तंत्रावर त्या संस्थेचा ‘अवामी नस्तालीक’ हा फॉन्ट २०१७ मध्ये प्रथम आला. प्रमुख ब्राउझरांपैकी ग्राफाइट समजणारा एकटा फायरफॉक्स, कारण त्याचे गेको हे इंजिन ते तंत्र जाणते. संगणकावर ग्राफाइटवर आधारलेले एखादे पान वाचावयाचे असेल तर वाचकाला इतकेच सांगावे लागते की, फायरफॉक्समध्ये उघडा. आयपॅडवर हा सल्ला निरर्थक आहे. तेथेही फायरफॉक्स आहे, बोधचिन्ह तेच आहे. पण आत गेको नाही. ज्या एका गुणासाठी वाचक त्याच्याकडे वळला असता, तोच गुण नावाबरोबर आलेला नाही. ग्राफाइटचा प्रसार मर्यादित राहिला, हे खरे; परंतु एखादे तंत्र रुजते की खुरटते, हे ते वापरून पाहण्याची संधी किती वाचकांना मिळते यावरही ठरते. मोजक्या वाचकांच्या लिप्यांना अशा संधीची किंमत अधिक असते.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. संगणकावर क्रोम आणि फायरफॉक्स ही दोन इंजिने स्वतंत्र साक्षी आहेत, असे म्हणताना तेही पूर्णांशाने खरे नाही. अक्षरे जुळविण्याचे काम दोघेही ‘हार्फबझ’ या एकाच मुक्त प्रणालीकडून करून घेतात. (फारसीतील ‘हर्फ’ आणि ‘बाज’ यांवरून हे नाव आले आहे, लिपीच्या प्रश्नातून जन्मलेल्या साधनाला ते शोभते.) वेबकिट ॲपलच्या यंत्रांवर हे काम कोअर टेक्स्ट या कंपनीच्या स्वतःच्या घटकाकडे सोपविते. शिवाय वंशवृक्ष पाहिला तर गुंता आणखी वाढतो. केडीई या मुक्त-प्रणाली समूहाच्या ‘केएचटीएमएल’पासून ॲपलने वेबकिट घडविले आणि २००३ मध्ये सफारीबरोबर जाहीर केले, गूगलने क्रोमसाठी तेच घेतले व २०१३ मध्ये त्याची ‘ब्लिंक’ नावाची निराळी शाखा काढली. ऑपेराने त्याच वर्षी आपले प्रेस्टो हे इंजिन सोडून ब्लिंकची वाट धरली, आणि २०२० च्या आरंभी मायक्रोसॉफ्टचा एजही तिकडेच गेला. आज मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली कुळे तीनच: वेबकिट, ब्लिंक, गेको, आणि त्यांतली पहिली दोन सख्खी. पोथ्यांच्या परंपरेत ज्याला संकर म्हणतात, तो येथेही आहे. तरीही ज्या शाखा वेगळ्या होऊन दहा-बारा वर्षे लोटली आहेत, त्यांची साक्ष एकाच शाखेच्या पाच प्रतींहून वजनदार मानली पाहिजे. आणि एक गोष्ट विशेष: वेबकिटची संहिता गुप्त नाही, ती कोणालाही वाचता येते. बंदिस्त आहे ती तिच्या जागी दुसरे काही ठेवण्याची परवानगी.

इंजिन एकच असण्याचा सर्वांत ठळक परिणाम जुन्या यंत्रांवर दिसतो, आणि ग्रंथालयांनी त्याकडे लक्ष द्यावयास हवे. आयपॅडवर वेबकिटची नवी आवृत्ती मिळते ती संपूर्ण प्रणाली नवी केल्यावरच. ज्या यंत्राला नवी प्रणाली मिळणे थांबले, त्याचे इंजिनही तेथेच गोठते, आणि त्यावरील सगळे ब्राउझर त्याच्याबरोबर गोठतात. २०१० चा पहिला आयपॅड ५.१.१ या आवृत्तीवर थांबला; २०१३ चा आयपॅड एअर बाराव्या प्रणालीपलीकडे गेला नाही. पडदा उत्तम, विजेरी अजून शाबूत, पण नव्या पद्धतीने रचलेले पान त्यावर मोडके दिसते, आणि दुसरा ब्राउझर घेऊन काही साधत नाही. याच्याशेजारी साधा संगणक ठेवून पाहावा. विंडोज ७ या प्रणालीची देखभाल मायक्रोसॉफ्टने २०२० च्या जानेवारीत थांबविली. तरी २०२३ च्या जुलैत आलेली फायरफॉक्सची ११५ वी आवृत्ती त्या प्रणालीवर चालत होती. प्रणाली मृत झाल्यावरही साडेतीन वर्षांनी तिच्यावर नवे इंजिन बसले, कारण ते बसविण्यास कोणाची अनुज्ञा लागत नव्हती. आपल्याकडे ग्रंथालयांतील यंत्रे कंपनीच्या वेळापत्रकाने बदलत नाहीत, अनुदानाच्या वेळापत्रकाने बदलतात. युनिकोडचा २०२३ चा जोडाक्षरविषयक नियम अशा गोठलेल्या टॅबलेटवर कधीच पोहोचणार नाही.

ॲपलच्या बाजूने जे सांगितले जाते, तेही पोकळ नाही. वेबपृष्ठ हे परक्याचे लेखन असते आणि त्याबरोबर परक्याच्या आज्ञाही येतात. त्या वेगाने पाळण्यासाठी इंजिनाला यंत्राच्या स्मृतीत तत्क्षणी नव्या आज्ञा घडवून त्या चालविण्याचा अधिकार लागतो, आणि हा अधिकार चोराच्या हाती पडला तर अनर्थ होतो. तो एकाच, आपल्या देखरेखीखालील इंजिनाला द्यावा, ही भूमिका समजण्यासारखी आहे. खासगीपणाचा मुद्दाही असाच. वाचकाने स्वतः बसविलेल्या फॉन्टांची यादी पाहून त्याची ओळख पटविण्याचा प्रकार रोखण्यासाठी सफारीने २०१८ पासून वेबपृष्ठांना केवळ प्रणालीतले किंवा पृष्ठाने बरोबर आणलेले फॉन्टच उपलब्ध करून दिले आहेत. हेतू चांगला आहे. मात्र मोडी वा शारदा लिपीचा फॉन्ट आपल्या यंत्रावर मुद्दाम बसवून घेतलेल्या अभ्यासकाला त्याचा उपद्रव होतो. त्याचा फॉन्ट यंत्रात असूनही सफारीतील पानाच्या उपयोगी पडत नाही. सामान्य वाचकाच्या रक्षणासाठी केलेला नियम विरळ लिपीच्या वाचकाला नेमका जाचतो, कारण विरळ असणे हीच त्याची ओळख पटविणारी खूण ठरते.

याहून विचार करावयास लावणारा आक्षेप निराळाच आहे. आयपॅडचे दार उघडले तर आत येईल कोण? गेको येईल, ही आशा. ब्लिंक येईल, ही जवळजवळ खात्री. मग सक्तीच्या एका इंजिनाच्या जागी बाजाराने लादलेले दुसरे एक इंजिन येईल, आणि तीन कुळांपैकी वेबकिटही क्षीण होईल. बंदी हीच आज विविधतेची राखण करीत आहे, असा हा विलक्षण युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, पण ते टॅबलेटबाहेरून पाहणाऱ्याला दिसणारे तथ्य आहे. ज्या वाचकाच्या हाती एकच यंत्र आहे, त्याला जगात तीन इंजिने जिवंत असल्याचा लाभ कोणता? मुद्रणाच्या इतिहासात यंत्राच्या सोयीसाठी लिपीच वाकविण्याचे प्रयत्न आपण पाहिले आहेत; १९५३ च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व इकाराची वेलांटी उजवीकडे नेण्याचे ठरले होते, आणि तो बदल पुढे मागे घ्यावा लागला. तो मागे घेता आला, कारण निर्णय आपल्यापुढे उघड झाला होता आणि त्यावर वाद करता आला. इंजिनातील निर्णय वाचकाच्या नजरेस सहसा येत नाहीत. त्याला केवळ त्यांचे परिणाम दिसतात. अशा ठिकाणी दुसरे इंजिन शेजारी ठेवून पाहणे, हाच वाद करण्याचा एकमेव मार्ग उरतो.

कायद्याने अलीकडे या प्रश्नात लक्ष घातले आहे. युरोपीय संघाच्या २०२२ सालच्या डिजिटल बाजारपेठ अधिनियमामुळे ॲपलला २०२४ च्या मार्चमध्ये आयफोनवर परक्या इंजिनांना वाट करून द्यावी लागली. आयपॅडची प्रणाली त्या अधिनियमाखाली आली ती त्याच वर्षीच्या एप्रिलअखेरीस. सवलत मात्र युरोपीय संघापुरती. तेव्हा एका प्रदेशासाठी एक आणि उर्वरित जगासाठी दुसरा, असे दोन निरनिराळे ब्राउझर सांभाळावे लागतील, अशी तक्रार मोझिलाने लगेच केली, आणि ती रास्त होती. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२५ च्या मार्चमधील आपल्या अंतिम निर्णयात वेबकिटच्या सक्तीने स्पर्धेस बाधा येते, असा निष्कर्ष काढला. जपानने २०२४ मध्ये केलेला कायदा २०२५ च्या डिसेंबरात पूर्णपणे अमलात आला. पण तो स्मार्टफोनपुरता आहे. भारतात केंद्र सरकारच्या समितीने २०२४ च्या मार्चमध्ये मांडलेल्या डिजिटल स्पर्धा विधेयकाच्या मसुद्यात नियमनास पात्र सेवांच्या यादीत ब्राउझरांचे नाव होते. या सर्व चर्चेत स्पर्धा, किंमत, सुरक्षितता हे शब्द वारंवार येतात. लिपी हा शब्द अभावानेच. तो तेथे आणावयाचा असेल तर, कोणते जोडाक्षर कोणत्या इंजिनात कसे मोडते, याच्या नोंदी भारतीय भाषांच्या अभ्यासकांकडे असल्या पाहिजेत.

त्यासाठी पहिली आवश्यकता संपादकीय टिपणाच्या रीतीत बदल करण्याची आहे. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, गाव, शक व तिथी लिहून ठेवी. पडद्यावरील आवृत्तीच्या प्रस्तावनेत मात्र ‘सर्व प्रमुख ब्राउझरांवर तपासले आहे’ एवढेच वाक्य आढळते. त्याऐवजी इंजिन, त्याची आवृत्ती, प्रणाली, फॉन्ट आणि तपासणीचा दिनांक दिला जावा. अशा नोंदीत आयपॅडवर भारतात सफारी, क्रोम, फायरफॉक्स, एज आणि ऑपेरा या पाचांवर केलेली तपासणी एकाच ओळीत यावी, आणि त्या ओळीच्या आरंभी वेबकिट हे एकच नाव असावे.